बाबांच्या रेडिओसाठी घरातलं मीडियम वेव्ह 'केंद्र': आठ महिने वापरल्यावर

मागच्या दिवाळीत घेतलेल्या एएम ट्रान्समीटर किटबद्दल (आपली गाणी घरातल्याच रेडिओवर लावून देणारं छोटं यंत्र) लिहायचं राहूनच गेलं होतं. आता आठ महिने झाले. एक नागपुरी उन्हाळा काढला, पाऊसही सुरू झाला, म्हणजे आमच्याकडे यंत्राची जी काही परीक्षा व्हायची असते ती झाली.

ज्यांना फक्त 'रेंज किती?' एवढंच विचारायचंय त्यांच्यासाठी: माझी रेंज दहा फूट. बाबांच्या टेबलापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. आणि ती कमी करायला मला वाढवण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

हा खटाटोप कशासाठी, ते आधी. बाबा ८२ वर्षांचे. त्यांच्याकडे साठच्या दशकातला बुश कंपनीचा वाल्व्ह रेडिओ आहे, त्याचं पोस्टातलं लायसन्सचं पुस्तकसुद्धा अजून कपाटात आहे. रेडिओ लावला की आधी अर्धा मिनिट काहीच नाही, मग हळूहळू मॅजिक आयचा हिरवा दिवा उजळतो, आणि स्टेशन नीट लागलं की त्यातली काळी फट मिटत जाते. बाबांना ती फट मिटवायची असते. मोबाइलवर हवं ते गाणं मिळतं हे त्यांना पटतं, पण 'मिळणं' आणि 'लागणं' यात त्यांच्या लेखी फरक आहे. मीडियम वेव्हवर त्यांच्या आवडीचं फारसं लागत नाही. म्हटलं, आपणच लावून देऊ.

पहिला प्रयत्न घरगुती होता. सीताबर्डीच्या बाजारात मोदी नंबरच्या गल्ल्यांतून एक मेगाहर्ट्झचा तयार ऑसिलेटर (ठरावीक फ्रिक्वेन्सीची लहर काढणारा भाग; चौकोनी, पत्र्याच्या टोपीचा), जुन्या ट्रान्झिस्टरमधला छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर आणि एक जॅक आणला. सगळं मिळून दोनशेच्या आत. ऑसिलेटरला जाणारा वीजपुरवठा ट्रान्सफॉर्मरमधून न्यायचा, ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूला गाणं सोडायचं. गाण्याप्रमाणे पुरवठा खालीवर होतो, लहरीची उंचीही तशीच खालीवर होते. झालं एएम. एका दुपारचं काम. दिवसा झकास चाललं.

रात्री शिट्टी. एकसुरी, बारीक, कुकर लांबून वाजावा तशी. दोन दिवस मी सोल्डरिंग तपासत बसलो. मग माझ्या एका हॅम (हौशी रेडिओ चालवणाऱ्या) मित्राने फोनवर हसत विचारलं, "हजाराला नऊनं भाग जातो का?" आपल्याकडे १९७८ पासून मीडियम वेव्हची स्टेशनं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने, नऊच्या पटीत बसवलेली आहेत. नागपूर आकाशवाणीची ५८५ घ्या, नऊच्या पाढ्यातच आहे. माझा ऑसिलेटर मात्र एक मेगाहर्ट्झचा, म्हणजे १००० वर. अंधार पडला की लांबची स्टेशनं आभाळातून परावर्तित होऊन येतात. ९९९ वरचं कुठलं तरी आलं की दोघांतला एक किलोहर्ट्झचा फरक शिट्टी होऊन ऐकू येतो. दिवसा वातावरणाचा खालचा थर या लहरी गिळून टाकतो, म्हणून दुपारी सगळं शांत. बाबा म्हणाले, "तुझं स्टेशन रात्री भूत लागल्यासारखं करून राहिलं."

म्हणून किट घेतलं. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. साधारण अडीच हजारांत पडलं. १२ व्होल्टवर चालतं, छोट्या खटक्यांच्या पट्टीवर फ्रिक्वेन्सी बसवता येते. सोबत एक पानाचं माहितीपत्रक, तेही पुसट. किट मुळात दहा किलोहर्ट्झच्या अमेरिकन पायऱ्यांवर बसवलेलं येतं; नऊच्या पायरीसाठी बोर्डावरचा एक जम्पर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) सरकवावा लागतो. ही गोष्ट माहितीपत्रकात अगदी शेवटच्या ओळीत आहे. घेणाऱ्यांनी आधी ती ओळ वाचावी.

फ्रिक्वेन्सी निवडताना मी भावनेच्या आहारी गेलो. १५६६ वर बसवली. जुन्या लोकांना आठवत असेल, आकाशवाणीची राष्ट्रीय सेवा १९८८ पासून नागपूरहून याच १५६६ वर जायची, १००० किलोवॅटवर. ती सेवा आता बंद झाली. माझ्या किटच्या शेवटच्या ट्रान्झिस्टरला १२ व्होल्टवर ८ मिलिअँपियर जातात, म्हणजे ९६ मिलिवॅट. त्यांची ताकद माझ्या जवळपास एक कोटी पट. तरी नंबर तोच, म्हणून मी खूश.

दुसऱ्याच दिवशी बाबांनी बोलावलं. "हे पाय, तुझं स्टेशन दोन जागी लागून राहिलं."

खरंच. सुई उजव्या टोकाला नेली की १५६६ वर लागायचं, आणि डावीकडे साडेसहाशेच्या जरा पुढे पुन्हा तेच गाणं. मला वाटलं किट खराब. दोष किटचा नव्हता. रेडिओ आत प्रत्येक स्टेशन ४५५ किलोहर्ट्झवर उतरवून ऐकतो, आणि त्या पद्धतीत लावलेल्या स्टेशनापेक्षा ९१० ने वरचं जोरदार स्टेशनही चोरवाटेने आत शिरतं. १५६६ वजा ९१० म्हणजे ६५६. ट्रान्समीटर रेडिओच्या उशाशीच, मग शिरेल नाही तर काय. उपाय कागदावरच सापडला: १४४० च्या खाली बसवलं की चोरवाट ५३० च्याही खाली जाते, डायलच्या बाहेर. शिवाय १५६६ वर रात्री मागून परभाषेतली कुजबुज यायची. आठवडाभर वहीत टिपणं ठेवून शेवटी १४२२ वर आलो. आमच्या घरात रात्रीही तिथे जागा बऱ्यापैकी मोकळी असते. तुमच्याकडे वेगळं असेल. दिवसाचं ऐकून ठरवू नका, रात्री नऊनंतर ऐका.

आता खरा त्रास. आवाज. म्हणजे नको तो आवाज.

पहिली घुं. गंमत अशी की सुई आपल्या स्टेशनवर आणली की घुं, जरा बाजूला सरकवली की गायब. म्हणजे रेडिओ निर्दोष, घुं माझ्याच लहरीवर बसून येत होती. कारण निघालं मोबाइलच्या चार्जरसारखा स्वस्त अडॅप्टर. तो काढून यूपीएसमधली १२ व्होल्टची ७ अँपियर-अवरची बॅटरी लावली. घुं गेली. रोज दोन तास चालवून महिन्यातून एकदा चार्ज करतो, त्यात भागतं. किटसोबत अडॅप्टर देण्याऐवजी विक्रेत्याने बॅटरीची वायर दिली असती तर मी त्याला आणखी एक तारा दिला असता.

मग मार्च आला आणि पंखे सुरू झाले. दुपारी दोन वाजता, ऐन कार्यक्रमाच्या वेळी, भाजी फोडणीला टाकल्यासारखी चरचर. मी एकेक बटण बंद करत घरभर फिरलो, हातात खिशातला ट्रान्झिस्टर. चोर निघाला पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, तो गोल फिरवायचा, बिनपायऱ्यांचा. तो विजेची प्रत्येक लाट मध्येच कापून पंखा हळू करतो, आणि त्या कापाकापीची खरखर सगळ्या मीडियम वेव्हवर पसरते. पंखा पूर्ण वेगात असताना खरखर कमी, दोनवर ठेवला की कहर. त्याच्या जागी पायऱ्यांचा, कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवला. अडीचशे रुपये आणि एक इलेक्ट्रिशियन, जो शेवटपर्यंत विचारत राहिला की चालू रेग्युलेटर काहून बदलून राहिले. बैठकीतला एक एलईडी बल्बही तसाच बदमाश होता, तो जिन्यात हलवला.

एप्रिलमध्ये कुलर निघाला. खस बदलली, पंप लावला, आणि मी मनाची तयारी केली. पण कुलर आश्चर्यकारकरीत्या सज्जन निघाला. फक्त चालूबंद करताना एक टक. मे महिन्यात बाहेर ४५-४६ असताना मात्र किटने चाळा दाखवला: फ्रिक्वेन्सी जागची हलली नाही, पण आवाज दिवसेंदिवस बारीक. आउटपुटचा ट्रिमर (स्क्रूने फिरवून जुळवायचा छोटा भाग) उष्णतेने सरकत होता. प्लास्टिकच्या स्क्रू-ड्रायव्हरने (लोखंडी नेला की हातच सर्किटचा भाग होतो) सकाळी जुळवला तर दुपारी पुन्हा बिघडायचा. शेवटी डबी खिडकीतून काढून माठाच्या शेजारच्या कोनाड्यात ठेवली, तेव्हापासून ठीक.

एक चूक माझी. एका नाट्यगीतात तबला ऐकू येईना. बाबांनी डोळे मिटूनच सांगितलं, "ठेका कुठे गेला?" मी म्हटलं जुनं रेकॉर्डिंग असेल. नव्हतं. मी जॅकची फक्त डावी बाजू जोडली होती आणि तबला उजवीकडे होता. दोन्ही बाजूंना एकेक हजार ओहमचा रेझिस्टर लावून एकत्र केल्या, तबला परत आला. रेझिस्टर न लावता दोन्ही तारा नुसत्या पिळून जोडू नका, प्लेअरचं आउटपुट एकमेकांत भांडतं. आणि साडेचार-पाच किलोहर्ट्झच्या वरचा आवाज आधीच छाटून टाका. स्टेशनांमधलं अंतरच नऊचं, तिथे टाळांची चकाकी शोधू नये. छाटल्यावर गाणं मंद होत नाही, उलट गोल येतं. बाबांना हवं होतं तसं.

आता कायद्याचं. इंटरनेटवर '१०० मिलिवॅट, ३ मीटर अँटेना, लायसन्स नको' असं वाचून पुष्कळ जण उड्या मारतात. तो अमेरिकेचा नियम. आपल्याकडे खासगी माणसाने मीडियम वेव्हवर प्रसारण करण्याची सोयच नाही. खासगी वाहिन्यांना मिळतं ते एफएम. सामुदायिक रेडिओ २००२ मध्ये शिक्षणसंस्थांपुरता आला, २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना खुला झाला, तोही एफएमवर आणि संस्थेलाच. हॅमचं लायसन्स असलं तरी त्यावर गाणी लावता येत नाहीत. सुरुवातीला मी उत्साहात स्लॅबवरच्या कपडे वाळवायच्या तारेला किट जोडलं होतं आणि शेजारच्या काकाजींच्या फाटकापाशी आमचं भजन ऐकून फुगलो होतो. मित्राने तेव्हा जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तार त्याच संध्याकाळी काढली.

आता अँटेना नाही. बाबांच्या टेबलाखाली वायरचे चार वेढे, बस्स. या लहरींची लांबी दोनशे मीटरच्या वर. चार वेढ्यांतून दूर जाणारं जवळपास काही निघत नाही, जे पोचतं ते जवळचं चुंबकीय क्षेत्र, आणि ते अंतराबरोबर फार झपाट्याने विरतं. फाटकाशी ट्रान्झिस्टर घेऊन मी महिन्यातून एकदा तपासतो. ऐकू यायला नको, येत नाही.

वाल्व्ह रेडिओवाल्यांना एक कळकळीची सूचना. किटची वायर रेडिओच्या सांगाड्याला थेट जोडू नका. काही जुन्या सेटमध्ये सांगाडा सरळ लाइनवरच असतो, हात लावला तर झटका. आमचा सेट सुरू करण्याआधी आतले जुने कागदी कपॅसिटरही बदलून घेतले, ते वयाने गळतात आणि सोबत महागडा वाल्व्ह नेतात.

यंत्र जमलं, मग कळलं की केंद्र चालवायचं म्हणजे रोज दोन तास काहीतरी लावायचं. पहिला महिना पेनड्राइव्हवरची गाणी. बाबांना पुढचं गाणं आधीच कळायला लागलं. "तुझी गाणी पाठ झाली. निवेदक कुठाय?" मग आत्याबाईंनी, आईच्या माहेरच्या मामाजींनी फोनवर बोलून पाठवलं: कुणी भंडाऱ्याच्या शाळेतल्या आठवणी, कुणी तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीसकट. मी वर दोन वाक्यं जोडतो, "आता ऐकू या." आत्याबाईंचा आवाज रेडिओतून आला तेव्हा बाबांनी आवाज वाढवला आणि आईला हाक मारली, जणू आत्याबाई खरंच कुठल्या केंद्रावर गेल्यात. फोनवर त्या दर रविवारी बोलतात, तेव्हा असं होत नाही.

जूनमध्ये विजा सुरू झाल्या. मीडियम वेव्हवर डोळ्यांना न दिसणारी दूरची वीजही ऐकू येते, नुसती कडकड. बाबा तिचा आवाज ओळखतात आणि उठून रेडिओची पिन स्वतः काढतात. माझं स्टेशन कितीही जवळ असलं तरी.

किटला किती गुण? सर्किटला चार. माहितीपत्रकाला एक, तोही कागदासाठी. बांधणीला दोन: १२ व्होल्टचं सॉकेट पाचव्या महिन्यात सैल झालं, विक्रेत्याने फोन उचलणं सोडलं, आणि परवापासून तर ते पूर्णच निकामी आहे. रविवारी सीताबर्डीत जाऊन नवं आणतो. तोवर दुपारी दोन वाजता बाबा सुई १४२२ वर नेतात, फट मिटत नाही असं बघतात आणि घरभर ऐकू जाईल असं सांगतात, "रुकावट के लिए खेद है."