रिचार्जेबल सेलवालं आरटीसी मॉड्यूल घेताय? आधी सेलवरचं स्टिकर खरवडून बघा

रास्पबेरी पायसाठी (एका बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर) ऑनलाइन आरटीसी मॉड्यूल, म्हणजे लाइट नसतानाही सेलवर वेळ धरून ठेवणारं घड्याळ, घेणार असाल तर हे वाचा, कारण ही फसवणूक घरी टेबलावर कळतच नाही.

पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर सेलवर चालणारं घड्याळच नसतं. पाय ५ वर आहे (२०२३ पासून), पण त्याचाही सेल वेगळा घ्यावा लागतो. मला मामांच्या निफाडच्या द्राक्षबागेत पायवर चालणारा लॉगर (नोंदी ठेवणारं यंत्र) बसवायचा होता, तापमान, आर्द्रता आणि पानं किती तास ओली राहतात ते नोंदवायचं, म्हणजे डावणी या बुरशीच्या रोगाची फवारणी नेमकी कधी घ्यायची त्याचा अंदाज येतो. बागेत वायफाय पोचत नाही आणि शेतीची लाइट पाळीने येते, म्हणजे घड्याळ पक्कंच पाहिजे. म्हणून ‘अस्सल डीएस३२३१एसएन, सोबत रिचार्जेबल एलआयआर२०३२ सेल’ असं लिहिलेली मॉड्यूल्स (डीएस३२३१एसएन ही घड्याळाची चिप) घेतली, साध्यापेक्षा जवळजवळ दुप्पट भावाने.

घरी सगळं झकास चाललं. आयटूसीडिटेक्टमध्ये (जोडलेल्या चिप दाखवणारी कमांड) ६८ या पत्त्यावर चिप, ५७ वर ईप्रॉम (मॉड्यूलवरची मेमरी), ओव्हरले (ड्रायव्हर चालू करणारी सेटिंग) टाकल्यावर ६८ च्या जागी यूयू, म्हणजे ड्रायव्हरने चिप धरली, एचडब्ल्यूक्लॉक (आरटीसीची वेळ वाचणारी कमांड) बरोबर वेळ दाखवतोय. दाखवणारच हो! घरी नेट आहे, बोर्ड सुरू झाला की नेटवरून वेळ घेतो, आरटीसी मेलेली असली तरी तुम्हाला वेळ बरोबरच दिसते. तोवर परत पाठवायची मुदत संपते, आणि या विक्रेत्यांचा सगळा धंदा त्याच्यावरच चालतो.

बागेत लावल्यावर मामांचा फोन, ‘अरे तुझं यंत्र म्हणतंय पानं संध्याकाळी ओली झाली, दव तर पहाटे पडतं.’ झालं असं की लाइट गेली की आरटीसी थेट १ जानेवारी २००० वर जायची, पण बोर्ड ती वेळ न धरता स्वतःकडे शेवटची साठवलेली वेळ उचलून पुढे चालू व्हायचा. म्हणजे लाइट जितके तास गेली तितके तास लॉग मागे. २००० साल दिसलं असतं तर लगेच पकडलं असतं, हे दिसायला एकदम खरं वाटतं. डीमेसेजमध्ये (सिस्टिमचे संदेश) ड्रायव्हर ‘सेट टाइम’ म्हणून ओरडत होता, म्हणजे लाइट गेल्यावर चिपचं ऑसिलेटर (घड्याळाचे ठोके देणारा भाग) बंद पडलं होतं.

सेल मल्टिमीटरला लावला तर १.४ व्होल्ट. चिपला किमान २.३ लागतात. नखाने स्टिकर खरवडलं तर खाली पत्र्यावर कोरलेलं सीआर२०३२! साधा, रिचार्ज न होणारा आणि वर वापरून झालेला सेल, त्यावर एलआयआरचं स्टिकर. बाकीची मॉड्यूल्स उघडली, तेच.

चिपची पण गंमत बघा. या चिपचे एसएन आणि एम असे दोन प्रकार. एसएन प्रकारात तापमानाचं रजिस्टर (चिप स्वतःचं तापमान लिहिते ती जागा) ६४ सेकंदांनी एकदा बदलतं, एम प्रकारात सेकंदाला. चिपवर बोट ठेवून वाचत बसलो तर आकडा दर सेकंदाला वर. म्हणजे वर एसएन छापलंय आणि आत एम आहे. एम काही टाकाऊ नाही, ±५ पीपीएम (दहा लाखांत ५) म्हणजे वर्षाला अडीच-पावणेतीन मिनिटांपर्यंतचा फरक, पण पैसे ±२ पीपीएमवाल्या एसएनचे घेतलेत ना.

विक्रेत्याला फोटो पाठवले. आधी म्हणाला, ‘सर लायब्ररी अपडेट करा.’ मग म्हणाला, ‘सर तुम्ही ३.३ व्होल्टला जोडलंय, ५ ला जोडा, सेल चार्ज होईल.’ हे तर अजिबात करू नका. या निळ्या झेडएस-०४२ मॉड्यूलवर (माझं हेच) चार्जिंगला फक्त एक रेझिस्टर आणि एक डायोड असतो, चार्ज कंट्रोल वगैरे काही नाही. ५ व्होल्ट दिले की साध्या सीआर सेलमध्ये करंट घुसतो, तो फुगतो, गळतो. शिवाय सिग्नलच्या तारांचे पुलअप रेझिस्टर त्याच व्होल्टेजला असतात, म्हणजे पायच्या ३.३ व्होल्टवाल्या पिनांवर ५ व्होल्ट. सेल तर गेलाच होता, पायचा बोर्डही घालवला असता भाऊने! आणि ३.३ वर खरा एलआयआर असता तरी डायोडनंतर २.७ च्या आसपासच उरतात, त्यात तो चार्ज होतच नाही. म्हणजे पायवाल्याला ‘रिचार्जेबल’चे जास्त पैसे मागणं हीच मुळात लबाडी.

आता चार्जिंगचा रेझिस्टर काढून टाकलाय, दुकानातून बघून घेतलेला सीआर२०३२ लावलाय आणि ३.३ वर चालवतोय. मॉड्यूल आलं की त्याच दिवशी नेट बंद करा, बोर्डाची लाइट काढा, रात्रभर ठेवा, सकाळी नेट न लावता सुरू करून एचडब्ल्यूक्लॉक वाचा आणि घड्याळाशी ताडून बघा. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आणि चिपचा जवळून फोटो घेऊन ठेवा. माझे पैसे अजून आलेले नाहीत, १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकलीये.