कोळशाच्या ढिगावर मारायचं डस्ट कंट्रोल केमिकल, अख्खा सीझन वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

मी उलव्याला राहतो, खाडीकाठच्या एका बंदरावर यार्ड सुपरवायझर आहे. आमच्याकडे बार्जने इंडोनेशियाचा कोळसा येतो आणि पार्टी उचलेपर्यंत उघड्यावरच पडून असतो, कधी १५ दिवस, कधी २ महिने. गेल्या नोव्हेंबरपासून मेपर्यंत आम्ही रबाळे एमआयडीसीतल्या एका सप्लायरकडून ढिगावर पापडी धरणारं पॉलिमर घेतलं, मारायला माणसं आणि पंप त्यांचेच. खाली तक्रारही आहे म्हणून नाव टाकत नाही, पण बाकीच्या यार्डवाल्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी आमचं सगळं टँकरवर चालायचं. सकाळी ढीग भिजवला की दुपारी २ पर्यंत वरचा थर परत कोरडा, आणि नेमका तेव्हाच खाडीवरून पश्चिमेचा वारा सुटतो. बरं जास्त पाणी मारावं तर पार्टी भांडायला येते, कारण कोळसा ओला असला की जळताना त्याची काही ताकद पाणी उडवण्यातच जाते. आणि खाडीचं पाणी तर चुकूनही मारू नका, त्यातलं मीठ कोळशातून बॉयलरमध्ये जातं आणि नळ्या खातं.

हे केमिकल दुधासारखं पांढरं येतं, पाण्यात मिसळून फवारायचं, वाळलं की काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतः ढिगावर चढून बघितलं, वरचा बोटभर थर एकजीव झालेला, अंगठ्याने दाबला की भाकरीच्या पापुद्र्यासारखा मोडतो आणि आत कोळसा जसाच्या तसा. त्या ढिगाला ५ आठवडे कोणी हात लावला नाही आणि भर दुपारच्या वाऱ्यातही त्यावरून धूळ उठताना दिसली नाही. पडून असलेल्या मालासाठी यापेक्षा चांगलं काही मी तरी वापरलेलं नाही.

पण 'एकदा मारा आणि निर्धास्त राहा' असं जे सांगतात ना, ते साफ खोटं आहे. पेलोडरने एका बाजूने माल काढायला घेतला की त्या बाजूची पापडी गेली, तिथे रोज काम संपल्यावर परत मारावं लागतं, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. त्यात जानेवारीत त्यांची माणसं दुपारी ३ ला उगवली, वाऱ्यातच फवारायला लागली, अर्धं औषध उडून गेलं आणि पश्चिमेचा उतार तसाच राहिला. वारा पहिल्यांदा धडकतो तो त्याच उतारावर. चार दिवसांनी पलीकडच्या कोळीवाड्यातली एक मावशी सुपात वाळवलेला जवळा घेऊन गेटवर आली. "दादूस, बघ ना हे काय परलंय." गुलाबी जवळ्यावर काळी पूड बसलेली, बोट फिरवलं तर माझं बोट काळं. काय बोलणार? मालकाने तिचे पैसे भरून दिले, पण जवळ्यावर दिसली म्हणून ती धूळ कळली, तीच धूळ तिच्या घरातल्या पोरांच्या छातीत जाते ती कोण मोजणार? २००९ च्या राष्ट्रीय मानकात पीएम १० ची, म्हणजे हवेतल्या १० मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांची, २४ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे, आणि हे कण इतके बारीक की सुटा कण डोळ्याला दिसतच नाही.

त्याच सप्लायरकडून फॉग कॅनन, म्हणजे हवेत पाण्याचे बारीक तुषार फेकणारी मशीन, तीही भाड्याने घेतली होती. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबई महापालिकेने धुळीचे नियम कडक केले तेव्हापासून ही मशीन आपल्याकडेही जागोजागी दिसायला लागली. तिचं गणित असं की थेंब बारीक लागतो, जाड थेंब आला की हवा त्याला वळसा घालून जाते आणि धुळीचा कणही हवेबरोबर निसटतो. आमच्याकडे बोअरच्या पाण्याने नोझल सारखे चोक व्हायचे, मग तुषार कसले, नुसत्या धारा. फिल्टर बसवल्यावर सुधारलं. आणि मशीन वाऱ्याकडे पाठ करून लावा, आमचा ऑपरेटर वाऱ्याच्या तोंडावर लावून स्वतःच भिजत होता. माल उतरवताना उडणारी धूळ पकडायला ती चांगली, ढीग सांभाळायला तिचा उपयोग नाही.

एक गोष्ट मात्र फुकटात झाली. ग्रॅब, म्हणजे क्रेनचा कोळसा उचलायचा पंजा, वरूनच उघडायची सवय मोडली, हॉपरच्या (माल ओतायच्या मोठ्या नरसाळ्याच्या) तोंडाशी आणूनच उघडायचा, एवढ्याने जेट्टीवरचा काळा ढग डोळ्यादेखत कमी झाला. डंपरचा रस्ताही रोज झाडून ओला ठेवायला लागतो, टायरखाली सांडलेल्या कोळशाचं पीठ होतं आणि तेच दिवसभर उडत राहतं.

पापडी धरली म्हणून ढीग आतून तापायचा थांबत नाही, दाबून बसवणं आणि टेंपरेचर बघणं चालूच ठेवा. क्लिंकरवाल्यांनी (सिमेंटचा कच्चा माल) तर हे केमिकल घेऊच नका, पाणी लागलं की क्लिंकर घट्ट धरतो, त्याला शेडच पाहिजे.

केमिकलला ५ पैकी ४, सर्व्हिसला २. ऑक्टोबरला परत घेतोय, पण या वेळी फवारणी सकाळी ७ ला सुरू, पश्चिमेचा उतार आधी, आणि कापलेल्या बाजूला रोज संध्याकाळी एक हात, हे पीओमध्येच (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) लिहून घेतलंय.