एमएचटी-सीईटीसाठी ‘चुकांची वही’: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्या मुलीने एमएचटी-सीईटी या महाराष्ट्राच्या प्रवेश परीक्षेच्या पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाची तयारी करताना सराव परीक्षांमधील चुका तपासण्यासाठी एक साधी दोनशेपानी वही वापरली, आणि पावसाळ्यापासून प्रत्यक्ष परीक्षेपर्यंत तपासणीच्या वेळी बहुतेकदा मी शेजारी बसत असे. एका सराव मालिकेचे सशुल्क सदस्यत्वही तिच्याकडे होते व प्रत्येक परीक्षेनंतर तेथे रंगीत आलेख मिळत. त्या आलेखांपेक्षा वही कितीतरी उपयोगी ठरली. मात्र अशी वही कशी भरावी याबद्दल जे सर्रास सांगितले जाते, त्यातले निम्मे आम्हाला सोडून द्यावे लागले.

या परीक्षेची रचना लक्षात घेतल्याशिवाय तपासणीची पद्धत ठरवता येत नाही. पहिल्या ९० मिनिटांत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न असतात व प्रत्येक प्रश्नाला १ गुण असतो. पुढच्या ९० मिनिटांत गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुणांचे. म्हणजे दोन्ही भागांत एका गुणामागे ५४ सेकंदच मिळतात, आणि पहिल्या भागात वाचलेला वेळ गणिताकडे वळवता येत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे कोणीही शहाणा विद्यार्थी एकही प्रश्न कोरा ठेवत नाही. तपासणीतली खरी अडचण येथूनच सुरू होते. गणितातले २० प्रश्न डोळे मिटून सोडवले तरी चार पर्यायांच्या हिशेबाने सरासरी पाच बरोबर येतात, म्हणजे १० गुण पदरात पडतात. आणि ‘चुकलेले प्रश्न तपासा’ एवढेच धोरण ठेवले, तर हे पाच प्रश्न कधीच उजेडात येत नाहीत.

म्हणून परीक्षा देतानाच कच्च्या कागदावर प्रत्येक प्रश्नाच्या क्रमांकापुढे खूण करण्याची शिस्त लावली: खात्री असेल तर बरोबरची खूण, शंका असेल तर प्रश्नचिन्ह, निव्वळ अंदाज असेल तर फुली. प्रत्येक खुणेला क्षणभर लागतो. तपासताना मग बरोबर आलेल्या फुल्या आणि प्रश्नचिन्हेही चुकांबरोबरच वहीत जात. या एका बदलामुळे पहिल्या काही परीक्षांतच वहीत येणाऱ्या प्रश्नांची संख्या बरीच वाढली, आणि मुलीला ते अजिबात आवडले नाही.

खात्रीची खूण असूनही चुकलेले उत्तर हा सर्वांत मौल्यवान प्रकार. कपॅसिटरला बॅटरी जोडलेली असताना मध्ये डायइलेक्ट्रिक (विद्युतरोधक पदार्थ) सरकवले तर विभवांतर कायम राहते, बॅटरी काढून सरकवले तर प्रभार कायम राहतो. तिच्या मनात हे नेमके उलटे बसले होते, आणि म्हणूनच तिला कधी शंका आली नव्हती. ठाम विश्वासाने केलेली चूक खरे उत्तर कळल्यावर अधिक सहज दुरुस्त होते, असे बटरफील्ड आणि मेटकाफ या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये दाखवले होते. आमचा अनुभवही तसाच आहे, परंतु आठवड्याभराने तोच प्रश्न पुन्हा सोडवला तरच. नुसते वाचून समाधान मानले, तर जुनी समजूत हळूच परत येते.

तपासणीचा क्रम असा ठरला की योग्य उत्तर पाहण्यापूर्वी चुकलेला प्रत्येक प्रश्न घड्याळाशिवाय पुन्हा सोडवायचा. सुटला, तर दोष वेळेचा किंवा वाचण्याचा. नाही सुटला, तर दोष धड्याचा. ही चाळणी इतकी स्पष्ट आहे की बाकीचे वर्गीकरण जवळजवळ अनावश्यक ठरते. ‘सिली मिस्टेक’ हा रकाना तर काढूनच टाकला, कारण सोयीस्कर असे सगळे त्यात ढकलले जात होते. पोटॅशियम सल्फेटच्या द्रावणाचा गोठणबिंदू काढताना पूर्ण विघटन गृहीत धरून व्हॅन्ट हॉफ गुणक (एका रेणूसूत्रामागे द्रावणात किती कण होतात तो आकडा) ३ घ्यायचा असतो. तो दोन-तीन परीक्षांत राहून गेला, तर त्याला धांदरटपणा म्हणता येत नाही. कच्च्या कामाला प्रश्नक्रमांक घातलेले असतील, तरच हे ओळखता येते. अन्यथा दुसऱ्या दिवशी आपण तिथे काय केले होते हे कोणालाच आठवत नाही.

वहीत पूर्ण उत्तर उतरवून काढणे हा या पद्धतीतला मोठा सापळा आहे. पाने सुंदर दिसतात, वेळ भरपूर जातो आणि नंतर ती कोणी उघडत नाही. आमच्या वहीत एका प्रश्नाला दोनच ओळी मिळत: पहिलीत चुकीचे पाऊल नेमके कोणते, आणि दुसरीत पुढच्या वेळी प्रश्नातला कोणता शब्द पाहून सावध व्हायचे. एवढे करूनही एका परीक्षेची तपासणी परीक्षेइतकाच वेळ घेते, त्यामुळे आठवड्याला दोनपेक्षा अधिक सराव परीक्षा या पद्धतीत बसत नाहीत. बोर्डाच्या परीक्षेच्या काळात, फेब्रुवारी-मार्चमध्ये, तर वही बंदच होती.

सराव मालिकेच्या आलेखांतून एकच गोष्ट कामी आली, ती म्हणजे प्रत्येक प्रश्नाला लागलेला वेळ. तेथे दाखवले जाणारे पर्सेंटाइल (किती टक्के परीक्षार्थी आपल्या मागे आहेत तो आकडा) ती मालिका घेणाऱ्यांपुरतेच असल्याने मी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही; प्रत्यक्ष सीईटी अनेक सत्रांत होते आणि तिचे पर्सेंटाइल वेगळ्याच गणिताने निघते. शिवाय मालिकेतील काही उत्तरेच चुकीची निघाली. परीक्षा घेणाऱ्या सीईटी कक्षाच्या अधिकृत उत्तरसूचीवरही आक्षेप नोंदवण्याची सोय असते, हे लक्षात घेता अशा उत्तरांवर अंधविश्वास ठेवण्याचे कारण नाही. वाद आला की बालभारतीचे बारावीचे पुस्तक उघडायचे, हा नियम ठेवला. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या निवडक धड्यांवर असल्याने तीही पुस्तके हाताशी लागली.

वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा देणाऱ्यांनी ही पद्धत जशीच्या तशी उचलू नये. तेथे चुकीच्या उत्तराला एक गुण जातो, त्यामुळे फुलीची खूण ही अंदाजाने दिलेल्या उत्तराची न राहता सोडून दिलेल्या प्रश्नाची होते, आणि सोडलेल्यांपैकी किती प्रश्न घड्याळाशिवाय सुटले याचा हिशेब स्वतंत्र पानावर ठेवावा लागतो.