ज्येष्ठांसाठीचा ‘हलका डबा’: तीन महिन्यांचा हिशेब

इंदूरच्या रामबाग भागात आमच्या घराजवळ एक घरगुती भोजनसेवा आहे. तिचा दुपारचा ‘हलका डबा’ आम्ही दोघे गेले तीन महिने घेत आहोत. माझे वय 69, पत्नीचे 66. डबा सुरू केला तेव्हा माझे वजन 74 किलो आणि उंची 165 सेंटिमीटर होती, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) 27 च्या वर. आपल्याकडे 25 पासूनच लठ्ठपणा धरतात, त्यामुळे डॉक्टरांनी वजन उतरवण्यास बजावले होते.

एका डब्याचे 110 रुपये पडतात आणि त्यात दोन फुलके किंवा एक ज्वारीची भाकरी, भाजी, वरण, कोशिंबीर आणि ताक येते. भाज्या मात्र खरोखर वाखाणण्यासारख्या आहेत. दुधी, गिलके किंवा चुका अगदी बेताच्या तेलात करूनही त्यांची चव टिकवणे हे हाताचे कसब आहे. माझ्या कवळीची अडचण सांगितल्यावर काकडी-गाजर न सांगता किसून येऊ लागले, ही बाब मला विशेष वाटली.

तक्रार वरणाची आहे. ते इतके पातळ असे की वाटीत डाळ शोधावी लागे. उतारवयात खाणे कमी केले की चरबीबरोबर स्नायूही झिजतात, म्हणून या वयात किलोमागे किमान एक ग्रॅम प्रथिने पोटात जावीत असे तज्ज्ञ सांगतात. माझ्या बाबतीत हा आकडा दिवसाला 70 ग्रॅमच्या आसपास जातो आणि या डब्यातून त्यातले जेमतेम 12-13 ग्रॅम मिळत असावेत. दुसऱ्या महिन्यात वजन तीन किलोंनी उतरल्याचा आनंद होत असतानाच कमी उंचीच्या खुर्चीवरून उठताना हाताचा आधार घ्यावा लागू लागला, तेव्हा डॉक्टरांनी आधी ताटात काय असते ते विचारले आणि मग रोज दहा वेळा खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा व्यायाम दिला. मालकीणबाईंना हे सांगितल्यावर त्यांनी वीस रुपये वाढवून घट्ट डाळ आणि मटकीची उसळ किंवा पनीर देणे मान्य केले. हे त्यांनी पहिल्या दिवसापासून स्वतःहून करायला हवे होते, कारण डबा ज्येष्ठांसाठी असल्याचे पाटीवर त्याच लिहितात.

दुसरी गोष्ट गमतीची. सुरुवातीला या ‘हलक्या’ डब्याबरोबर शेवेची पुडीही येत असे! इंदुरात पोह्यांवर शेव आणि जिरावण (तिथला चटपटीत मसाला) नसेल तर माणूस आजारी समजतात, हे मला ठाऊक आहे. पण मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवायचे म्हटल्यावर ती पुडी परत पाठवणेच बरे. रविवारी तुपात बुडवलेले बाफले (उकडून भाजलेले कणकेचे गोळे) असतात, त्या दिवशी आम्ही डबा घेत नाही.

मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डबा लावण्यापूर्वी डॉक्टरांना कळवावे. पत्नीचे जेवण कमी झाल्यावर एकदा दुपारी तिची साखर उतरली आणि तिचा डोस बदलावा लागला.

आता माझे वजन 70.5 किलो आहे, आणि खुर्चीवरून पुन्हा हात न टेकता उठता येते. उसळीचा डबा हवा असल्यास आदल्या रात्री आठपर्यंत कळवावे लागते, कारण मटकी भिजत घालायची असते.