कबुतरांसाठी हिरवा चारा घरीच लावला: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पक्ष्यांसाठी काय लावावं याच्या याद्या भरपूर मिळतात, पण बहुतेक कोंबड्या किंवा पोपट डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या असतात. कबुतराचं खाणं वेगळं आहे. पोपट पान पायात धरून कुरतडतो, कोंबडी पान ओढून फाडते. कबुतर दाणा चोचीत उचलतं आणि अख्खा गिळतं. खाताना पायाचा उपयोग करत नाही. मोठं सुटं पान पुढे टाकलं की ते चोचीत धरून झटका देतं, पान उडून बाजूला पडतं, दोन-चार वेळा असं झालं की पक्षी नाद सोडतो. 'आमची कबुतरं हिरवं खातच नाहीत' ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. खातात, अगदी आवडीने खातात. फक्त पान चोचीत मावेल एवढं लहान हवं, नाहीतर ते मुळाशी किंवा चिमट्यात घट्ट धरलेलं हवं, म्हणजे झटक्यासरशी तुकडा तुटून हाती लागतो. ढाबळीशेजारच्या कुंड्या, पसरट पेट्या आणि ट्रे यांत लावलेल्या झाडांपैकी कोणती टिकली आणि कोणती बाद झाली, ते बरंचसं याच गोष्टीवर ठरलं.

आधी प्रमाण. मुख्य आहार दाण्यांचाच. मध्यम आकाराचं कबुतर दिवसाला साधारण ३० ग्रॅम दाणे खातं. हिरवा पाला आठवड्यातून तीन-चार दिवस, पक्ष्यामागे ३ ते ५ ग्रॅम, म्हणजे बारीक चिरून एक चमचाभर पुरतो. नुसत्या दाण्यांत अ जीवनसत्त्व अपुरं पडतं आणि गडद हिरव्या पानांतल्या कॅरोटीनमधून ते भरून निघतं, हा खरा फायदा. पाला सुरू केला म्हणून ग्रिट (बारीक खडे) आणि शिंपल्यांचा चुरा बंद करायचा नाही. दाणे दळायला खडे लागतातच आणि अंड्यासाठी लागणारा चुना चमचाभर पाल्यातून मिळत नाही.

सर्वांत उपयोगी ठरला तो शेवगा. त्याची पर्णिका मुळातच एक-दोन सेंटिमीटरची असते, चिरायची गरजच नाही. फांदी ढाबळीत टांगली की पक्षी पर्णिका एकेक करून टिपतात आणि शेवटी नुसते देठ उरतात. कुंडी मोठी हवी, ३० ते ४० लिटरची, आणि निचरा उत्तम हवा, कारण पाणी साचलं की मूळ कुजतं. रोप मीटरभर झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे बाजूने फांद्या फुटतात. पुढे दर काही आठवड्यांनी छाटणी करून तीच छाट चाऱ्याला वापरायची. थंडीत वाढ मंदावते आणि पानं पिवळी पडून गळतात. तेवढा काळ पर्याय हाताशी ठेवावा लागतो.

तो पर्याय म्हणजे वाटाण्याचे कोवळे शेंडे. खाण्याचे साबूत सुके वाटाणे घ्यावेत. सोललेले, फोडलेले उगवत नाहीत. ८ ते १२ तास भिजवून, निथळून, ४-५ सेंटिमीटर जाडीच्या माती किंवा कोकोपीटच्या थरावर जवळजवळ पसरायचे आणि वर सेंटिमीटरभर माती टाकायची. दोन-तीन आठवड्यांत शेंडे १० ते १२ सेंटिमीटर होतात. कापताना खालची पानांची पहिली जोडी शिल्लक ठेवली तर तिथून एकदा, क्वचित दोनदा पुन्हा फुटवा येतो. अगदी बुडाशी कापलं तर ट्रे संपला. फुटवे जून झाले की त्यांचे ताणे तारेसारखे चिवट होतात, ते काढून टाकायचे. शोभेचा स्वीट पी मात्र याच्या आसपासही लावू नये. वेल तसाच दिसतो, पण त्याचं बी विषारी आहे.

मेथीबद्दल मत हळूहळू सुधारत गेलं. वासामुळे पक्षी सुरुवातीला तिच्याकडे पाहतही नाहीत. सकाळचे दाणे टाकण्याआधी, भूक असताना, थोड्या आवडत्या दाण्यांत मिसळून दिली की आठवड्या-दोन आठवड्यांत सवय लागते. एका पक्ष्याने खायला सुरुवात केली की बाकीचे त्याचं पाहून शिकतात, त्यामुळे नवीन पाला आधी सर्वांत धीट जोडीपुढे ठेवणं फायद्याचं. मेथी २०-२५ दिवसांत काढायला येते. दाट पेरली आणि माती सतत ओली राहिली तर रोपं बुडाशी बारीक होऊन झोपतात. बी विरळ टाकणं, सकाळी पाणी देणं आणि वारा खेळता ठेवणं एवढ्याने हे टळतं.

मेथी आणि मोहरीसाठी जाळीची पेटी करून ठेवावीच. ६० × ४० सेंटिमीटरची, १५ सेंटिमीटर खोल लाकडी पेटी, तळाला भोकं, माती १० सेंटिमीटरपर्यंत. वरच्या कडेला, म्हणजे मातीच्या ५ सेंटिमीटर वर, १२ मिलिमीटर चौकोनाची वेल्डेड जाळी ताणून बसवायची. रोपं जाळीतून वर येतात, कबुतरं जाळीवर उभी राहून फक्त वरचे शेंडे खुडतात, मुळं आणि वाढीचा भाग खाली सुरक्षित राहतो. वर मांडलेली चोचीची अडचणही इथे आपोआप सुटते, कारण पान मातीत पक्कं धरलेलं असतं. जाळी नसेल तर पेटी ढाबळीत ठेवल्याबरोबर रोपं उपटली, तुडवली आणि घरट्यासाठी पळवली जातात. मोठ्या षट्कोनी भोकांची पातळ कोंबडीजाळी वापरू नये, तिच्यात बोटं अडकतात. नव्या गॅल्व्हनाइज्ड जाळीवर जस्ताचे सुटे कण असतात आणि जस्त पक्ष्यांना विषारी आहे. बसवण्याआधी जाळी व्हिनेगर लावून ब्रशने घासावी आणि स्वच्छ धुवावी. कापलेली टोकं खाली वळवायची. अशा किमान दोन पेट्या हव्यात, एक पक्ष्यांपुढे आणि एक विश्रांतीला. एकच पेटी सतत आत ठेवली तर रोपं मरतात आणि माती विष्ठेने भरते. लसूणघासही याच पद्धतीने चालतो, पण त्याची मुळं खोल जातात. उथळ पेटीत तो लवकर थकतो, त्याला ३० सेंटिमीटर खोलीची वेगळी कुंडी द्यावी.

दाण्यांसाठी लावायचं तर राळा. २५-३० सेंटिमीटर खोल कुंडीत तो सहज येतो आणि अडीच-तीन महिन्यांत कणसं वाकून पिवळी होतात. दाणे दुधात आले की प्रत्येक कणसावर पातळ कापडाची पिशवी बांधायची, नाहीतर चिमण्या आपल्याआधी पोचतात. कणीस हातभर देठासकट कापून, आठवडाभर सावलीत उलटं टांगून पूर्ण वाळवायचं. ओलसर कणसं डब्यात भरली तर बुरशी धरतात, आणि बुरशीचा दाणा कबुतराच्या यकृताला आणि फुप्फुसांना घातक असतो. बुरशी पुसून, ऊन देऊन तो वाचवायला जाऊ नये, टाकून द्यावा. टांगताना कणीस वर-खाली दोन्हीकडे बांधलं, तेही उभ्या पक्ष्याच्या छातीच्या उंचीवर, तरच दाणे नीट टिपता येतात. एका दोरीला झुलणारं कणीस नुसतं फिरत राहतं. रिकामी ताटं वाळवून तोडून ठेवली की जोड्या ती घरट्यासाठी नेतात. कुंडीतल्या पिकातून पोटभर दाणा निघत नाही, हा अधूनमधून द्यायचा खाऊच.

सूर्यफुलाला जागा खूप लागते आणि हाती येतं थोडं. काळ्या लहान बियांची जात घ्यावी. मोठ्या पट्टेरी बिया गिळायला अवघड जातात. बी तेलकट असल्यामुळे कमी उडणाऱ्या पक्ष्यांची चरबी वाढवतं, दिवसाला चार-सहा बियांच्या वर जाऊ नये. करडई कबुतरांना फार प्रिय, पण झाड काटेरी, तयार व्हायला चार महिने किंवा अधिक. कुंडीत लावण्याच्या भानगडीत पडू नये.

पालक बहुतेक सगळ्या याद्यांत असतो आणि त्यावर आमचा आक्षेप आहे. त्यात ऑक्झॅलेट भरपूर असतं, ते कॅल्शियमला बांधून ठेवतं आणि मग ते शरीराला मिळत नाही. अंडी घालणाऱ्या मादीला नेमकी त्याच वेळी कॅल्शियमची गरज असते. चुका, बीटची पानं, राजगिरा, माठ आणि घोळ यांचंही तेच. घोळ कबुतरांना मनापासून आवडतो, लहान रसदार पानं अख्खी गिळता येतात, म्हणून क्वचित चिमूटभर द्यायला हरकत नाही; रोजचा पाला म्हणून नको.

गव्हाचे तृणांकुर उगवायला सर्वांत सोपे, पण द्यायला सर्वांत जपून. लांब धागे गळ्यातल्या दाणे साठवायच्या पिशवीत गुंता करून बसू शकतात. सात-आठ दिवसांचं गवत घ्यावं आणि कात्रीने एक सेंटिमीटरहून लहान कापावं. ट्रेमध्ये बियांभोवती पांढरं लव दिसलं की लोक घाबरून सगळं फेकतात. मुळांची लव असेल तर पाणी फवारल्यावर ती मुळाला चिकटून दिसेनाशी होते. बुरशी मात्र फवारल्यावरही कोळ्याच्या जाळ्यासारखी बियांवर पसरलेली राहते आणि तिला कुबट वास येतो. तो ट्रे पूर्ण बाद.

आता ज्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही ते. दाण्यांच्या मिश्रणात ज्वारी असते, पक्षी दाणे उधळतात आणि ते कुंड्यांत उगवतात. पिकलेली ज्वारी उत्तम खाद्य आहे, पण कोवळ्या ज्वारीच्या रोपात धुरीन नावाचं द्रव्य असतं आणि त्यातून हायड्रोजन सायनाइड हे विष सुटतं. पाण्याचा ताण पडलेल्या रोपात आणि कापल्यावर आलेल्या फुटव्यात ते विशेष जास्त. ज्वारी, मका आणि बाजरी यांची लहान रोपं चटकन ओळखू येत नाहीत, म्हणून पेटीत आपोआप आलेलं रुंद पात्याचं प्रत्येक गवत उपटून टाकायचं. ज्वारीला मोड आणून देणंही टाळावं. मोड मूग आणि मसुराचे द्यावेत, तेही दोन-तीन मिलिमीटरचे, दिवसातून तीनदा धुतलेले. खाऊन उरलेले मोड दोन तासांत उचलायचे. कच्चा किंवा भिजवलेला राजमा तर चालतच नाही.

बियाणं घेताना रंग पाहावा. गुलाबी, निळं किंवा हिरवट रंगवलेलं बी म्हणजे त्यावर बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेलं आहे. धुऊन ते निघत नाही, आणि ट्रेमध्ये उगवलेल्या रोपाखाली बियांची टरफलं तशीच पडून राहतात. कबुतर ती नेमकी टिपतं. हाच धोका दाणेदार खतांचा: युरिया किंवा डीएपीचा दाणा कबुतराला खड्यासारखा किंवा बियासारखा दिसतो. गोगलगाईंसाठी टाकायच्या गोळ्या आणि मातीत मिसळायची दाणेदार कीटकनाशकं पक्षी जिथे उतरतात तिथे असूच नयेत. मातीच्या मिश्रणातले परलाइटचे पांढरे हलके दाणेसुद्धा ते ग्रिट समजून वेचतात. परलाइटऐवजी जाड वाळू घालावी. मावा पडला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवायचा. फारच वाढला असेल तर औषध मारत बसण्यापेक्षा तीन आठवड्यांचं ते पीक कापून टाकून नवं पेरणं शहाणपणाचं. गोगलगाई आणि किडे हाताने वेचावेत, कारण गोगलगाई, मुंग्या आणि भुंगेरे यांच्यामार्फत पट्टकृमी पक्ष्यांत शिरतात.

कबुतरांची विष्ठा हे जोमदार खत आहे, पण ताजी विष्ठा थेट घातली तर मुळं करपतात. त्याहून गंभीर म्हणजे कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीच्या पुट्या, जंतांची अंडी आणि साल्मोनेला जिवाणू पानांवरून त्याच पक्ष्यांच्या पोटात परत जातात. कबुतरांच्या चाऱ्याला या विष्ठेचं खत न घालणंच बरं. घालायचंच तर निदान सहा महिने पूर्ण कुजवलेलं, आणि तेही पेरणीआधी मातीत मिसळून. वाळलेली विष्ठा खरवडताना आधी पाणी शिंपडावं आणि मास्क लावावा, ती धूळ माणसाच्या फुप्फुसांना वाईट. नत्र जास्त झालं की पाल्यात नायट्रेट साठतं, म्हणून हिरवंगार लुसलुशीत दिसण्यासाठी खत वाढवत नेऊ नये.

शेजारी काय आहे तेही पाहावं. कण्हेर, धोतरा, एरंड, घाणेरी, गुंज, डिफेनबेकिया, टोमॅटो आणि बटाट्याचा पाला, अवोकॅडो: मोकळी सोडलेली कबुतरं जिथे उतरतात तिथून हे सगळं लांब.

पाला सुरू केल्यावर विष्ठा हिरवट आणि थोडी सैल होते. पक्षी चपळ असेल, दाणे नेहमीसारखे खात असेल आणि दुसऱ्या दिवशी पांढऱ्या टोपीची घट्ट विष्ठा परत दिसत असेल तर काळजी नको. पक्षी पिसं फुलवून बसला आहे, खात नाही आणि विष्ठा गडद हिरवी, पाण्यासारखी पडते आहे, तर तो रंग पाल्याचा नसून उपाशी पोटातल्या पित्ताचा असतो. पाला दिलेल्या दिवसानंतर सकाळी, दाणे टाकण्याआधी, गळ्याखालची पिशवी बोटांनी हलकेच चाचपावी. ती रिकामी लागली पाहिजे. मऊ, पिठाच्या गोळ्यासारखी भरलेली लागली किंवा चोचीला आंबट वास आला, तर पाला आणि दाणे दोन्ही थांबवावेत, पाणी ठेवावं आणि त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवावं.