एक देश, एक बस: लिश्टेनस्टाइनची ११ क्रमांकाची सेवा

मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या युरोप सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत लिश्टेनस्टाइनच्या वाट्याला बहुधा एकच ओळ येते: ऑस्ट्रियातून स्वित्झर्लंडकडे जाताना राजधानी फाडुट्स येथे थोडा वेळ थांबा, छायाचित्रे आणि खरेदी. एवढ्यावरून दहा-बारा वर्षांच्या मुलांना आणखी एक देश पाहिल्याचे समाधान मिळते, पण तो देश चालतो कसा, याचा त्यांना पत्ताही लागत नाही. तो लागावा असे ज्या पालकांना वाटते, त्यांनी सहलीची आलिशान गाडी सोडून तेथील ११ क्रमांकाची सार्वजनिक बस धरावी. स्वित्झर्लंडमधील सारगान्स रेल्वे स्थानकावरून निघणारी आणि लिश्टेनस्टाइन दक्षिणोत्तर ओलांडून ऑस्ट्रियातील फेल्डकिर्ख गावी पोहोचणारी ही बस एकाच तिकिटात तीन देशांना स्पर्श करते, आणि मुलांना हा देश समजावून देण्याचे काम ती मला माहीत असलेल्या कोणत्याही सहलीपेक्षा चांगले करते.

सारगान्सहून निघालेली पिवळट-हिरव्या रंगाची बस थोड्याच वेळात ऱ्हाइन नदीचा पूल ओलांडते आणि बाल्त्सर्स गावात शिरते. देश बदलला, हे सांगणारी तपासणी चौकी येथे नाही, कारण १९२३ च्या करारानुसार लिश्टेनस्टाइन आणि स्वित्झर्लंड यांचे सीमाशुल्क क्षेत्र एकच आहे आणि १९२४ पासून येथे स्विस फ्रँक हेच चलन चालते. पारपत्रावर शिक्का मिळत नाही म्हणून मुले हिरमुसतात. फाडुट्सच्या पर्यटन केंद्रात पैसे भरून तो उमटवून मिळतो, मात्र तो निव्वळ आठवणीदाखल असतो. बाल्त्सर्समध्ये गावाच्या मधोमध उठलेल्या टेकडीवर गुटेनबेर्ग किल्ला दिसतो आणि त्याच्या उतारावर द्राक्षमळे लावलेले दिसतात. बसमधून होणारे देशाचे हे पहिले दर्शन फाडुट्सच्या दुकानांपेक्षा कितीतरी देखणे आहे.

नकाशा हातात असेल, तर या टप्प्यावर मुलांना तो उघडायला सांगावा. डावीकडे ऱ्हाइन, उजवीकडे आल्प्सच्या रांगा आणि मधल्या सपाट पट्टीत बहुतेक गावे, अशी या देशाची ठेवण आहे. क्षेत्रफळ १६० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या चौथ्या हिश्श्याहून किंचित जास्त. लांबी सुमारे २५ किलोमीटर आणि लोकसंख्या ४० हजारांच्या आसपास. या देशाला समुद्र नाही, आणि त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांनाही नाही. समुद्र गाठण्यासाठी किमान दोन सीमा ओलांडाव्या लागतील असे जगात दोनच देश आहेत, हा आणि उझबेकिस्तान. देशाला स्वतःचा विमानतळ नाही. जो एक लोहमार्ग आहे, तो ऑस्ट्रियाची रेल्वे चालवते. म्हणूनच बस ही येथे गरिबांची किंवा पर्यटकांची सोय नसून देशाची मुख्य सार्वजनिक वाहतूक आहे.

सारगान्सपासून साधारण अर्ध्या तासात फाडुट्स येते आणि उजव्या बाजूच्या खिडकीतून कड्यावरचा राजवाडा दिसू लागतो, तेव्हा बसताना उजवीकडची जागा धरावी. येथे उतरणे आवश्यक आहे, पण राजवाडा आतून पाहता येईल या आशेने नव्हे. तेथे राजघराणे राहते आणि तो लोकांसाठी खुला नाही. ही उणीव भरून काढणारी गोष्ट मात्र मुलांना सांगण्यासारखी आहे. देशाला ज्याचे नाव मिळाले, त्या घराण्याचे मूळ स्थान व्हिएन्नाजवळचा लिश्टेनस्टाइन किल्ला हे होय. पवित्र रोमन साम्राज्याच्या सभेत स्थान मिळावे म्हणून थेट सम्राटाच्या अखत्यारीतील जमीन हवी होती, यासाठी या घराण्याने १६९९ मध्ये शेलेनबेर्ग आणि १७१२ मध्ये फाडुट्स हे प्रदेश विकत घेतले. सम्राट सहावा चार्ल्स याने १७१९ मध्ये दोन्ही एकत्र करून त्यांना संस्थानाचा दर्जा दिला. पुढे १८४२ पर्यंत एकाही राज्यकर्त्या राजपुत्राने आपल्या या राज्यात पाऊल ठेवले नाही, आणि येथे कायम वास्तव्यास येणारा पहिला राजपुत्र दुसरा फ्रान्झ योझेफ हा १९३८ मध्ये आला. खरेदी केलेल्या, पण सव्वाशे वर्षे न पाहिलेल्या राज्याची ही कथा मुलांना शिक्क्यापेक्षा अधिक आवडेल.

राजवाड्याखालच्या पादचारी रस्त्यावरच २००८ मध्ये बांधलेले संसदभवन आहे. संसदेत अवघे २५ सदस्य बसतात. याच ठिकाणी मुलींना, आणि मुलांनाही, हे सांगायला हवे की या सुंदर, सधन देशात स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मताचा अधिकार १९८४ मध्ये मिळाला, आणि तोही केवळ पुरुषांनी मतदान केलेल्या सार्वमतात निसटत्या बहुमताने. लहानांसाठी केलेल्या माहितीत ही बाब सहसा वगळली जाते, ते मला पटत नाही. देशाला सैन्य नाही, ही गोष्ट मात्र सगळेच सांगतात: १८६६ च्या युद्धात ८० जण गेले आणि वाटेत जोडलेल्या एका मित्रासह ८१ परतले, अशी आख्यायिका आहे, तर १८६८ मध्ये सैन्य विसर्जित झाले, हा इतिहास आहे. त्याला जोडून २००७ चा प्रसंग सांगावा, जेव्हा सुमारे १७० स्विस सैनिक रात्रीच्या सरावात वाट चुकून सीमेपलीकडे शिरले आणि लिश्टेनस्टाइनला ते स्वित्झर्लंडने कळवल्यावरच समजले.

तिकिटे जमवणाऱ्या मुलांसाठी फाडुट्समधील टपाल तिकिटांचे संग्रहालय आहे. देशाने स्वतःची टपाल तिकिटे १९१२ मध्ये काढली आणि पुढे त्यांची विक्री सरकारी तिजोरीचा महत्त्वाचा आधार ठरली.

येथून ११ क्रमांकाची बस शानला जाते. बहुतेक प्रवासी हा भाग डुलकीत घालवतात, पण मला तो सर्वांत बोलका वाटतो. लोकसंख्येने राजधानीहून मोठे असलेले हे गाव आहे. भिंतीत भोके पाडणाऱ्या यंत्रांसाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या हिल्टी कंपनीचे मुख्यालय येथे आहे आणि कृत्रिम दात बनवणारी इव्होक्लार कंपनीही येथलीच. देशात काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक शेजारच्या देशांतून रोज ये-जा करतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ कामाच्या वेळी या बसकडे पाहिले, तर दोन शेजाऱ्यांवर हा देश किती विसंबून आहे, ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

एकच दिवस हातात असेल आणि फेल्डकिर्खला जाणे गरजेचे नसेल, तर शानहून मागे फिरून फाडुट्सवरून २१ क्रमांकाची बस घ्यावी, असे मी सुचवीन. ती वळणावळणाने ट्रीझेनबेर्गला चढते, जेथे मध्ययुगात स्थलांतरित झालेल्या वाल्झर लोकांची वेगळी बोली अजून टिकून आहे. पुढे १९४७ मध्ये खुल्या झालेल्या बोगद्यातून ती मालबुन या सुमारे १६०० मीटर उंचीवरील गावी पोहोचते. हिवाळी ऑलिंपिकमध्ये या देशाने मिळवलेली दहाही पदके बर्फावरील उतारशर्यतींतली आहेत, आणि त्यांतील सात एकाच कुटुंबाची: हान्नी व्हेंझेल (१९८० च्या लेक प्लॅसिड स्पर्धेतील दोन सुवर्णांसह चार), तिचा भाऊ आंद्रेआस (दोन) आणि तिची मुलगी टीना वायराथर (२०१८ मध्ये एक). उरलेल्या तिनांपैकी दोन फ्रोमेल्ट बंधूंची आहेत. मालबुनचे उतार पाहिल्यावर हे आकडे मुलांना कोरडे वाटत नाहीत.

सेवेच्या मर्यादाही सांगायला हव्यात. डोंगरावर जाणाऱ्या बस खोऱ्यातल्या बसइतक्या वारंवार नाहीत, त्यामुळे परतीची वेळ आधी पाहूनच वर जावे. राजवाड्याच्या पायथ्यापासून वरची वाट चढणीची आहे, ती आजी-आजोबांना जड जाईल. स्विस ट्रॅव्हल पास या बसमध्ये चालतो, त्यामुळे तो जवळ असलेल्या कुटुंबाला वेगळे तिकीट काढावे लागत नाही. नसेल, तर सुट्या तिकिटांऐवजी दिवसभराचे तिकीट घ्यावे. शेंगेन व्हिसा येथे पुरतो.

तारीख निवडण्याची मुभा असेल, तर १५ ऑगस्ट निवडावा. आपला स्वातंत्र्यदिन हाच लिश्टेनस्टाइनचा राष्ट्रीय दिन आहे. त्या दिवशी सकाळी राजवाड्याजवळच्या कुरणावर शासकीय समारंभ होतो आणि रात्री राजवाड्यावरून आतषबाजी केली जाते. गर्दी अर्थातच खूप असते, म्हणून मुक्काम सारगान्स किंवा फेल्डकिर्खला ठेवून बसनेच यावे-जावे, आणि शेवटच्या बसची वेळ त्या दिवसाच्या वेळापत्रकात पाहून ठेवावी.