इंटरनॅशनल सिटीतला फ्लॅट आणि ‘आपला माणूस’

मी टायटल डीड, म्हणजे घराच्या मालकीचा दाखला, तपासलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. फ्लॅट घेताना मी कसा फसलो हा किस्सा ऐकणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न तोच विचारतो. दुबईच्या लँड डिपार्टमेंटच्या ‘दुबई रेस्ट’ ॲपवर दाखल्याचा नंबर टाकला आणि डीड खरं निघालं. घसरलो तो तिथेच.

दुबईत १६ वर्षं झाली, त्यातली बहुतेक करामा नावाच्या वस्तीत, भाड्याच्या घरात. तिथे परदेशी माणसाला घर मालकीचं करून घेता येत नाही. २००२ पासून ठरावीक वस्त्यांमध्ये ती मुभा मिळाली आणि २००६ च्या ७ नंबरच्या कायद्याने ती पक्की झाली. अशा वस्त्यांपैकी आमच्या खिशाला झेपणारी म्हणजे इंटरनॅशनल सिटी. ड्रॅगन मार्टच्या शेजारी, चायना, मोरोक्को, पर्शिया, फ्रान्स अशी नावं असलेल्या बुटक्या इमारतींची रांग. दिमाख काही नाही, पण वन बेडरूम मिळतो.

२०२२ चे गणपती. एका मित्राकडे आरती झाल्यावर उकडीच्या मोदकांची ताटली हातात घेऊन हा माणूस शेजारी येऊन बसला. चिपळूणचं नाव काढताच म्हणाला, “माझ्या आत्याचं सासर तिथलंच की!” मग २०२१ च्या पुरात कोणाच्या घरात किती पाणी चढलं, बाजारपेठ कशी बुडाली, सगळं बोलून झालं. अर्ध्या तासात मी ‘दादा’ झालो आणि बायको ‘वहिनी’. घर शोधतोय म्हटल्यावर म्हणाला, “दादा, बाहेरच्या ब्रोकरकडे जाऊ नका. आपल्याच माणसाकडून घ्या.”

फ्लॅट फ्रान्स क्लस्टरमध्ये, ४,८०,००० दिरहॅमला. चावी त्याच्याकडे. मालक म्हणे केरळात निवृत्त झालेले गृहस्थ, मुखत्यारपत्र याच्या नावावर. आत सोफा, फ्रिज, भिंतीवर कॅलेंडर. “भाडेकरू पुढच्या महिन्यात सोडतोय,” तो म्हणाला. आता मी स्वतः इतकी वर्षं भाडेकरू. मालकाला स्वतः राहायला किंवा विकायला घर रिकामं करून हवं असेल तर नोटरीमार्फत किंवा रजिस्टर्ड पोस्टाने १२ महिन्यांची नोटीस द्यावी लागते, हे मला तोंडपाठ. तरी एवढंही विचारलं नाही की भाडेकरू कोण, त्याचा फोन द्या, एकदा बोलतो.

भाडेकरू तोच होता.

इथे घर भाड्याने घेताना ‘इजारी’ची, म्हणजे भाडेकराराची सरकारी, नोंद करावी लागते आणि तिला मालकाच्या टायटल डीडची नि पासपोर्टची प्रत लागते. म्हणजे ही दोन्ही कागदपत्रं त्याच्या हातात अगदी कायदेशीर मार्गाने आलेली होती. ॲपने सांगितलं की डीड खरं आहे. ते डीड घेऊन समोर बसलेला माणूस कोण, हे ॲप कसं सांगणार?

मुखत्यारपत्र मात्र बोगस होतं, आणि ते ओळखणं अवघड नव्हतं. इंग्रजीत दोन पानं, कोचीच्या नोटरीचा शिक्का, बस. भारतात केलेलं मुखत्यारपत्र दुबईत चालायचं तर भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मग अमिरातीच्या दूतावासाचा, मग इथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा आणि शेवटी मान्यताप्राप्त अनुवादकाचं अरबी भाषांतर. यातलं एकही नव्हतं. ब्रोकरचं कार्ड मागितलं तर “रिन्यूअलला टाकलंय दादा.” ब्रोकरचा नोंदणी क्रमांक त्याच ॲपवर दिसतो. म्हणजे ज्या फोनवर मी डीड तपासलं त्याच फोनवर आणखी एक मिनिट घालवायचं होतं.

मग पैसे. १० टक्के अनामत, ४८,००० दिरहॅम. रीत अशी की हा चेक मालकाच्या नावाने काढायचा आणि व्यवहार होईपर्यंत तो ब्रोकरने सांभाळायचा. हा म्हणाला, मालकांचं इथलं खातं बंद झालंय, माझ्या कंपनीच्या खात्यावर टाका. वर लँड डिपार्टमेंटची ४ टक्के फी, १९,२००, “आगाऊ भरली की नंबर लवकर लागतो.” असला नंबर वगैरे काही नसतो. ती फी हस्तांतराच्या दिवशी ट्रस्टीच्या, म्हणजे व्यवहाराची नोंदणी करणाऱ्या, कार्यालयात भरतात, विकणारा आणि घेणारा समोरासमोर असताना, आणि घराची किंमतही तिथेच मॅनेजर्स चेकने द्यायची. बदल्यात मला त्याने ‘फॉर्म एफ’, म्हणजे खरेदी-विक्रीचा करार, दिला, घरच्या प्रिंटरवर छापलेला. खरा फॉर्म एफ डिपार्टमेंटच्या प्रणालीतून निघतो आणि त्यावर करार क्रमांक असतो. माझ्या कागदावर त्या जागी नुसती रेघ होती.

एकूण ६७,२०० दिरहॅम. तेव्हाच्या भावाने साधारण साडेचौदा लाख रुपये. यातले बरेचसे वडिलांच्या चिपळूणच्या जागेचे. जागा विकून आलेले स्वतःचे पैसे एनआरओ (अनिवासी भारतीयाच्या भारतातल्या) खात्यातून इकडे आणताना बँकेने मला १५सीए, १५सीबी हे आयकराचे फॉर्म, सीएचं प्रमाणपत्र, विक्रीखत, सगळं मागितलं होतं आणि मी बँकेला शिव्या घातल्या होत्या. तेच पैसे मी एका व्हॉट्सॲप मेसेजवर पाठवून दिले. बायकोने विचारलं, “पावती?” मी म्हणालो, “अगं, आपला माणूस आहे.” तिने ते वाक्य मला पुन्हा कधी ऐकवलेलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

तीन आठवडे “एनओसी येतेय” चाललं, म्हणजे विक्रीसाठी विकासकाची ना-हरकत. चौथ्या आठवड्यात मी स्वतःच विकासकाच्या काउंटरवर गेलो. तिथल्या मुलीने युनिट नंबर टाकला आणि म्हणाली, या घरासाठी एनओसीचा अर्जच आलेला नाही. फोन लावला तर बंद. तसाच टॅक्सी करून फ्रान्स क्लस्टरला. वॉचमन म्हणाला, “वो तो पिछले जुम्मे को सामान ले गया.”

पोलिसांत तक्रार दिली. जबाब अरबीत लिहिला गेला, सही मी केली. तो देश सोडून गेल्याचं पुढे कळलं. बँकेतल्या त्या कंपनीच्या खात्यात काही शिल्लक नव्हतं. ज्या मित्राकडे आरती होती त्याला विचारलं, तर तो म्हणाला, “अरे, मला वाटलं तूच त्याला घेऊन आलायस.”

मूळ मालकांशी शेवटी बोलणं झालं. खरंच केरळातले, खरंच निवृत्त, फार सज्जन आवाज. त्यांचेही भाड्याचे दोन चेक परत आले होते. माझं सगळं ऐकून घेतलं, बराच वेळ गप्प राहिले. मग संकोचून विचारलं, फ्लॅट आता रिकामाच आहे, तुम्हाला भाड्याने हवाय का?